करंजाईचा खण आणि माझं एम. ए.

एम. ए. करायचं माझ्या डोक्यात आलं ते सुएझ कालव्यामुळे. तो कालवा बंद पडला तेव्हा जगात पुष्कळांचं नुकसान झालं म्हणतात, पण चिंचवडात राहून नुकसान करून घेतलेला मी बहुधा एकटाच. आमच्या आळीत संध्याकाळी पारावर वर्तमानपत्र वाचलं जाई आणि ते मोठ्यानं वाचायचा मान माझ्याकडे होता. वाचता वाचता मी पदरचं थोडं घालत असे. इंग्लंडचं काय चुकलं, इजिप्तनं काय करायला हवं होतं, आपल्या पंचशीलाचा यात कुठे उपयोग झाला असता, वगैरे. एका संध्याकाळी शेजारचे लक्ष्मणराव, जे रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून कुठल्याच गोष्टीची घाई करत नाहीत, तपकीर ओढून म्हणाले, "निमकर, तुम्हाला इतकं कळतं तर त्यातलं एम. ए. का करून टाकत नाही?"

हा टोमणा होता की सूचना होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सूचना समजलो. दुसऱ्या दिवशी सबंध आळीला ठाऊक झालं की निमकर पुण्याला नाव घालताहेत, आणि मग माघार घ्यायची सोय उरली नाही. आमच्या आळीत एखाद्यानं घर बांधायला काढून अर्धवट सोडलं तर चालतं. तोंडातून गेलेला शब्द मात्र लोक वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात भांडारात कारकून होतो. नोकरीत राहून शिकायचं तर वरून परवानगी लागे. अर्जात मी विषय लिहिला, 'प्रादेशिक राजकारण व आंतरराष्ट्रीय संबंध'. तो वाचून आमच्या हेडक्लार्कांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"निमकर, हे संबंध कोणाचे?"

"राष्ट्राराष्ट्रांचे."

"तुमचे त्यात काही नाहीत ना?"

मी नाही म्हणालो. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्यातून ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. 'प्रादेशिक' असा नुसता उच्चार केला तरी शेजारच्या टेबलावरचा माणूस खुर्ची सरकवून घेई, आणि त्यापुढे 'राजकारण' म्हटल्यावर तर विचारायलाच नको. शेवटी माझ्याकडून लिहून घेण्यात आलं की, सदर कर्मचारी शिक्षण चालू असेपर्यंत कोणत्याही राष्ट्राशी कसलाही संबंध ठेवणार नाही. मी सही केली. पुढे आठवड्यानं एक हवालदार आळीत चौकशीला येऊन गेला. मी घरी नव्हतो, म्हणून समोरच्या सुमनताईंनी त्याला माझी माहिती दिली. "माणूस निरुपद्रवी आहे, नुसता बोलतो," असं त्या म्हणाल्या, आणि हवालदारानं ते लिहून घेतलं. सरकारदरबारी माझी एवढीच नोंद असावी याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

पुण्यातल्या आमच्या प्राध्यापकांना मी प्रबंधासाठी सुएझ कालवा सुचवला. ते म्हणाले, "यंदा कालव्यावर सतराजण बसले आहेत. तुम्ही त्या चिंचवडकडचे ना? तिकडे शेजारी गावांचे तंटे असतीलच. असा एखादा न मिटणारा तंटा घ्या आणि तो का मिटत नाही ते आंतरराष्ट्रीय संबंधांच्या नियमांनी दाखवा. मात्र एक लक्षात ठेवा. निरीक्षकानं नुसतं पाहायचं. त्यानं घटनेत बोट घातलं की प्रबंध बाद."

मी म्हणालो, "सर, मी बोट घालणाऱ्यातला नाही." हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो.

न मिटणारा तंटा मला लक्ष्मणरावांनीच मिळवून दिला. चिखलीच्या पुढे इंद्रायणीच्या अलीकडच्या काठावर पिंपळओढे आणि बरोबर समोर पलीकडच्या काठावर करंजवाडी. मध्ये उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. या गावचा कोंबडा आरवला तर त्या गावचा माणूस उठतो. आणि या दोन गावांचं एकमेकांकडे पाणी पिणं बंद होतं. मधली नदी एकच, पण पिंपळओढ्याचे लोक अलीकडच्या धारेचं पाणी भरत आणि करंजवाडीचे पलीकडच्या धारेचं. चाकणच्या बाजाराला जायचं तर पिंपळओढ्याला करंजवाडीवरून वाट जवळची, पण सगळा गाव कांद्याच्या गाड्या घेऊन मोशीच्या पुलावरून लांबचा वळसा घाली. बाजारात मात्र दोन्ही गावं शेजारीशेजारी बसत आणि एकमेकांकडून सुटे पैसे घेत, कारण चाकणचा बाजार तटस्थ धरलेला होता. मी हे ऐकलं आणि मला गहिवरून आलं. जिनिव्हाला जायची गरजच नव्हती, सायकलवर जमण्यासारखं होतं.

पहिले काही रविवार पिंपळओढ्यात माझ्याशी कोणी बोललं नाही. पिंपरीहून कोट घातलेला माणूस वही घेऊन आला म्हणजे तो नव्या कारखान्यासाठी जमिनी मोजायला आला, अशी लोकांची पक्की समजूत. मी चावडीपुढे उभा राहून आंतरराष्ट्रीय संबंधांची दोन तत्त्वं समजावून सांगितली. लोकांनी ती ऐकून घेतली आणि आपापली जनावरं बांधापासून आत घेतली. शेवटी पाटलांच्या, म्हणजे हिंदुरावांच्या, आईनं मला सोडवलं. तानाबाई म्हणून वाळलेली, ताठ म्हातारी. ती ओट्यावरून म्हणाली, "आरं, जमीन मोजनारा मानूस सायकलीवरनं येतोय व्हय? त्यो जीपगाडीतनं येतो. ह्यो मास्तर हाय. बसा मास्तर, भाकर खावा." त्या दिवसापासून मी त्या गावात मास्तर झालो. कारकून म्हणून सांगण्यापेक्षा ते बरं वाटलं, म्हणून मी खुलासा केला नाही.

भांडणाचं मूळ असं होतं. पिंपळओढ्याचा भैरोबा हा धाकटा भाऊ आणि करंजवाडीची करंजाई ही त्याची थोरली बहीण. चैत्रात भैरोबाची यात्रा भरे, त्याआधी भाऊ बहिणीला बोलावणं म्हणून लुगडं आणि खण पाठवी. ते पोचलं की बहिणीची पालखी नदी ओलांडून भावाकडे मुक्कामाला येई. प्लेगाच्या मागच्यापुढच्या एका साली नुसतंच लुगडं पोचलं, खण पोचला नाही. करंजवाडी खवळली. चोळीच्या खणाशिवाय नुसतं लुगडं द्यायला आमची देवी काय कपाळ पुसलेली बाई आहे, असा त्यांचा सवाल. पालखी आली नाही. पुढच्या साली लुगडंही गेलं नाही. तेवढ्या काळात जगात दोन महायुद्धं पेटली आणि विझली, जर्मनीचे तुकडे झाले, इंग्रज गेले, पण हा खण काही मिटला नाही.

"आमी खण धाडला व्हता," हिंदुराव मला बजावत. ते आडवे दांडगे गृहस्थ होते, आणि बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारायची त्यांना सवय होती. "त्यांनी दाबला. ल्ह्या."

"नदीत पडला आसंल," आतून तानाबाईचा आवाज येई.

"तू गप गं. खण नेनारा धर्माजी पैलवान गडी. त्याच्या हातनं काय पडतंय. त्यांनी दाबला."

मी लिहून घेई. आणि मग हळूहळू मला दुसरी गोष्ट कळली, जी वहीत घालायला मला कुठला नियमच सापडला नाही. तानाबाई करंजवाडीची लेक होती. तिचं लग्न झालं आणि त्याच चैत्रात हे भांडण पेटलं. तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. संध्याकाळी ती नदीकडच्या ओट्यावर बसे आणि पलीकडे बोट दाखवी. "ती कौलं दिसत्यात न्हवं मास्तर, पिंपरणीच्या झाडाच्या आंगाला? माझ्या भावाचं घर. आता भाचा सोपान असतो. त्योच पाटील हाय तिकडं. भाऊ गेला तवा हितं रडनं ऐकू आलं. धारंपातुर गेले म्या. मंग परत आले."

ती हे अगदी साधेपणानं बोलली. सोपानराव हिंदुरावांचे सख्खे मामेभाऊ ठरतात हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मी तसं हिंदुरावांना म्हणालो. ते म्हणाले, "व्हय. म्हून तर जास्त."

आता पलीकडची बाजू घेणं भाग होतं. यात्रा आठवड्यावर आली होती. हिंदुराव मोठ्या मनानं म्हणाले, "जा, पर आमचा गाडा निम्म्या नदीपातुरच यील." घरी मी हे सांगितलं तेव्हा सुमनताई आमच्याकडेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, परक्या गावात रिकाम्या हातानं जाऊ नये. आधी गावच्या देवीची ओटी भरावी, मग काय ते प्रश्न विचारावेत." लक्ष्मणरावांनी छत्री न्यायला सांगितलं. आमच्या सौभाग्यवतीनं ट्रंक उघडली आणि भावानं दिवाळीला दिलेला खण काढला, हिरवागार, तांबड्या काठांचा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला चोळी शिवायची म्हणून तिनं तो जपला होता. "दुकानातनं आणायला तुम्हाला वेळ व्हायचा नाही, आणि आणलात तरी रंग चुकेल," असं म्हणून तिनं तो नारळाबरोबर माझ्या पिशवीत घातला. संसारातलं हे मोठेपण मला त्या वेळी समजलं नाही. मला वाटलं, ओझं वाढलं.

वाचकहो, तुम्हाला आता सगळं दिसत असेल. सगळ्या भांडणाचा इतिहास मी स्वतःच्या हातानं लिहिलेला, त्यात 'खण' या शब्दाखाली दोनदा रेघ मारलेली, आणि तरी पिशवीत काय आहे आणि ते कुठल्या बाजूनं कुठल्या बाजूला चाललं आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी प्रश्नावलीचा विचार करत होतो.

हिंदुरावांचा गडी ज्योतीराम यानं गाडी नदीच्या बरोबर मध्यात उभी केली. पुढे तो बैलांनाही जाऊ देईना. मी बूट हातात घेतले, धोतर खोचलं, छत्री काखेत धरली आणि सरहद्द ओलांडून पलीकडे गेलो. काठावर धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. त्या वाटेनं कोणी आलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "देऊळ कुठे आहे?" त्यांनी नुसतं बोट केलं आणि सगळ्याजणी माझ्यामागून चालू लागल्या.

करंजाईपुढे मी नारळ ठेवला आणि खण उलगडून देवीच्या पायांशी ठेवला. गुरव समई सारखी करत होता, त्याचा हात तसाच राहिला. त्यानं खणाकडे पाहिलं, मग दारातून नदीकडे पाहिलं, तिथे पिंपळओढ्याच्या पाटलांची गाडी उभी होती. मग तो बाहेर गेला आणि देवळातला नगारा वाजायला लागला.

माणसं शेतातून पळत आली. कुणीतरी मला पाटावर बसवलं. एका म्हाताऱ्यानं मला मिठी मारली आणि तो रडला. सोपानराव पाटील आले, शेलाटे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या टोपीवरूनच फेटा बांधला आणि तोंडात साखर घातली. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला यात काहीच वावगं वाटलं नाही. मला वाटलं, उच्च शिक्षणाची कदर करणारं गाव आहे. एवढ्या गडबडीतही मी वहीत टिपलं, 'ग्रामीण भागात संशोधनाविषयी अनपेक्षित आस्था आढळते.' ते पान मी अजून फाडलेलं नाही.

निघताना सोपानरावांनी धारेपर्यंत येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला.

"हिंदुरावाला सांगा मास्तर, त्यानं मन मोठं केलं. आमी बी काय ल्हान न्हाई. मागचं समदं पान्यात सोडलं म्हनावं. यात्रेला बहीन येती. पालखी घिऊनच येतो."

तेव्हा मला समजलं. पायांखालची वाळू सरकली म्हणतात ती मी नदीतच उभा असल्यामुळे खरोखर सरकत होती. परत सांगायला तोंड उघडलं, तर मागे सगळं गाव काठावर उभं राहून भंडारा उधळत होतं. ज्योतीरामनं विचारलं, "काय झालं वो? नगारा कशाचा?" मी म्हणालो, "माझं स्वागत केलं." त्यानं माझ्या फेट्याकडे पाहिलं आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. हिंदुराव पेठेला गेले होते, ते भेटले नाहीत, यासाठी मी देवाचे आभार मानले. फेटा पिशवीत कोंबला आणि सायकल चिंचवडच्या दिशेनं अशी हाणली की तळवड्याच्या चढावरसुद्धा उतरलो नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. पिंपळओढ्यात कुणाला पत्ता नव्हता की आपण माफी मागितली आहे. तिकडे करंजवाडी पालखीला नवे गोंडे लावत होती. यात्रेच्या दिवशी हे वाजतगाजत येणार, ते लाठ्या घेऊन आडवे होणार, मध्ये देवीची पालखी आणि गुडघाभर पाण्यात डोकी फुटणार, आणि ओट्यावरून ते सगळं पाहत तानाबाई बसणार. एका बाजूला तिचा मुलगा, दुसऱ्या बाजूला भाचा. इतकी वर्षं ती निदान कौलांकडे बघू शकत होती. माझ्या पायी तेही जाणार होतं.

आळीनं सल्ले दिले. लक्ष्मणराव म्हणाले, पोलीस बंदोबस्त मागवा. माझ्यावर आधीच एक चौकशी होऊन गेलेली, त्यामुळे तो मार्ग बंद होता. सुमनताई म्हणाल्या, "भावजी, सरळ आजारी पडा." प्राध्यापकांना मी आडून विचारलं की समजा, निरीक्षकाचं बोट चुकून गेलंच तर. ते म्हणाले, "मग विषय बदलावा. किंवा गाव." हे दोन्ही मला पटलं. फक्त सौभाग्यवती म्हणाली, "तुम्ही जाऊन सांगा बाई काय ते. मार बसला तर तुम्हाला एकट्याला बसेल." तिचं म्हणणं बरोबर होतं, हीच त्यातली अडचण.

यात्रेच्या सकाळी मी पिंपळओढ्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. रस्त्यात सायकल पंक्चर झाली आणि चिखलीपासून मी ती ढकलत आणली. पलीकडून ढोललेझीम ऐकू येत होतं. भैरोबाच्या देवळापुढे जमलेली माणसं नदीकडे धावत होती, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात गाडीच्या जुवाची खुंटी. "करंजवाडी चाल करून आली," असा गलका झाला होता. हिंदुराव पुढे होते. मी सायकल टाकली, गर्दीत घुसलो आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. सुएझवर बोलायला लागणारा सगळा आवाज त्या वेळी कुठे गेला होता कोण जाणे.

"पाटील, ते भांडायला येत नाहीत. यात्रेला येताहेत. त्यांना खण पोचला."

"कुनाचा खण?"

"माझा. म्हणजे माझ्या बायकोचा. मी देवीची ओटी भरली. त्यांना वाटलं तुम्हीच पाठवला."

ढोलांचा आवाज जवळ येत होता. हिंदुराव माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिले की मी डोळे मिटून घेतले.

"म्हंजे आमी माफी मागितली," ते हळू बोलले. "आमाला न इचारता. मास्तर, तुमी आमचे वकील कवा झाला?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आधी ह्यालाच घ्या." ही सूचना लोकांना पसंत पडल्यासारखी दिसली.

एवढ्यात तानाबाई गर्दीतून पुढे आली. काठी टेकत, पण घाई न करता. तिनं मला विचारलं, "मास्तर, खण कंच्या रंगाचा व्हता?"

"हिरवा," मी म्हणालो.

"काठ?"

"तांबडे."

तानाबाईनं मान डोलावली. "त्योच."

"कोन त्योच?" हिंदुराव म्हणाले.

"आपल्या भैरोबाचा. तुझ्या आज्यानं चाकनच्या बाजारातनं आनल्याला. म्या नवी नवरी, म्याच घडी घातली व्हती त्याची. हिरवा, तांबड्या काठाचा. धर्माजीच्या हातनं नदीत पडला. ह्या मास्तराला पान्यात घावला, त्यानं पोचता केला."

"आई, आगं एवढी वर्सं नदीत पडलेला खण..."

"मंग नदी काय परक्याची हाय व्हय? ठिवला संभाळून तिनं." मग ती लोकांकडे वळली. "आपुन माफीबिफी काय मागितली न्हाई. आपुन तवाच धाडला व्हता. वाटंत उशीर झाला, येवढंच."

मग मागच्या रांगेतला एक दात पडलेला म्हातारा म्हणाला, "व्हय. हिरवाच व्हता." त्याच्या शेजारच्याला आठवलं की काठ तांबडेच होते. तिसऱ्यानं सांगितलं की धर्माजीच्या हातून पडताना त्याच्या चुलत्यानं स्वतः पाहिला होता, पण विचारलं कुणी नाही म्हणून तो बोलला नाही. बघता बघता निम्म्या गावाला तो खण आठवला. इतके साक्षीदार मला आधी मिळाले असते तर माझं दुसरं प्रकरण तेव्हाच पुरं झालं असतं.

हिंदुरावांनी आईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, पलीकडे कौलांकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी हातातली काठी ज्योतीरामकडे दिली आणि म्हणाले, "बहीन दारात आली आन् तुमी काठ्या घिऊन काय हुबं ऱ्हायलाय? हलगी कुठं हाय?"

मी तिथेच वाळूत बसलो. पालखी नदीच्या मध्यावर आली तेव्हा हिंदुराव धारेत उतरले आणि त्यांनी दांड्याला खांदा दिला. दोघे आतेमामेभाऊ कोपरं भिडवून चालत होते, एकमेकांकडे न बघता, आणि दोघांनाही रडू येत होतं. ते दोघंही धुळीला शिव्या देत होते, नदीच्या मधोमध.

काठावर आल्यावर सोपानराव आधी देवळाकडे गेले नाहीत. कमरेला बांधलेला तांब्या त्यांनी सोडला आणि तानाबाईपुढे धरला. "आत्या, आपल्या आडाचं हाय." तिनं तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि सगळाच्या सगळा प्यायली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तसंच लागतंय." यात्रा झाली त्याच संध्याकाळी ती पालखीबरोबर माहेरी गेली आणि चांगली वैशाख संपेपर्यंत राहिली. हिंदुराव रोज चौकशीला माणूस पाठवत आणि ती रोज "यीन, यीन" म्हणून निरोप देई.

राहिला माझा प्रबंध. न मिटणारा तंटा मिटला होता, आणि तो का मिटत नाही याची अडीच प्रकरणं माझ्या ट्रंकेत तयार होती. मी बसून सगळं उलट बाजूनं लिहून काढलं. पावसाळ्यानंतर तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक होते, टक्कल पडलेले, फार बारीक वाचणारे. प्रबंध पुढे ठेवून ते म्हणाले, "तुमचा निष्कर्ष सगळा या खणावर उभा आहे. हा खण कोणाचा होता, कुठून आला, याचा पुरावा कुठेच नाही. तुम्ही तिथे होतात. मला सरळ सांगा, खण कोणाचा?"

आमचे प्राध्यापक माझ्याकडे पाहत होते. त्यांना थोडासा संशय होताच. खरं सांगितलं असतं तर कदाचित वरचा वर्ग मिळाला असता, कदाचित प्रबंध बाद झाला असता. पण प्रबंध छापला जातो. तो कोणीतरी वाचतं, आणि वाचणारा कधीतरी चाकणच्या बाजारात कांदे घ्यायला जातो. माझ्या डोळ्यांपुढे तो तांब्या आला.

"पिंपळओढ्याचा, सर," मी म्हणालो. "नदीत पडला होता."

"इतकी वर्षं?"

"नदी त्यांचीच आहे, सर."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. मला तिसरा वर्ग मिळाला, आणि शेरा आला की उमेदवाराची पुराव्याची जाण बेताची आहे. आळीत पेढे वाटले. लक्ष्मणराव म्हणाले, तिसरा का होईना, आहे ना. कितीतरी महिन्यांनी त्या रात्री मला शांत झोप लागली.

दिवाळीत ज्योतीराम गाडी घेऊन दारात आला. कांद्याचं पोतं, करंजवाडीच्या चिंचा आणि तानाबाईनं आमच्या सौभाग्यवतीसाठी धाडलेला एक खण, हिरवा, तांबड्या काठांचा. सौभाग्यवतीनं तो उलगडला, उजेडात धरला, काठ बोटांनी चाचपले. मी म्हटलं, "बघ, अगदी तुझ्यासारखाच शोधून पाठवला."

"माझ्यासारखा कशाला," ती म्हणाली आणि घडी घालू लागली. "माझाच आहे. वाटेत उशीर झाला, एवढंच."